जंतू मेल्यानंतरची जबाबदारी

(कुष्ठरोग निवारण दिनानिमित्त ३० जानेवारी रोजी रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपल्यासमोर जमाखर्चाचे चार आकडे मांडतो आणि जागेवर जाऊन बसतो. जमाखर्च याही वर्षी अहवालात यथास्थित छापलेला आहेच. आज मात्र अध्यक्ष महोदयांच्या अनुज्ञेने मी वेगळ्या विषयावर बोलणार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रातले माझे ज्ञान उसने आहे. त्वचारोग विभागातील डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून सांगितलेले आणि या भाषणापूर्वी त्यांच्याकडून तपासून घेतलेले असे ते आहे. तेव्हा यात जे बरोबर असेल त्याचे श्रेय त्यांचे, आणि सांगण्यात काही उणे राहिले तर तो दोष माझा.

गेल्या वर्षी आपल्या एका जुन्या देणगीदारांनी मला आपुलकीने विचारले, "कुष्ठरोग आता संपला ना? मग या विभागासाठी वेगळा निधी कशाला?" त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि या रोगाचे भवितव्यच पालटले. डिसेंबर २००५ मध्ये भारताने दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठले. परंतु प्रमाण घटले म्हणजे रोग नाहीसा झाला, असे नव्हे. २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे एक लाख ब्याऐंशी हजार नवे रुग्ण आढळले आणि त्यांपैकी एक लाखाहून अधिक आपल्या भारतातले होते. त्या देणगीदारांना मी हे आकडे सांगितले. पण त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आकड्यांत नाही. ते मला फार पूर्वी एका शेतमजूर स्त्रीच्या प्रश्नातून मिळाले होते. ती हकिगत मी आजवर या सभागृहात कधी सांगितलेली नाही.

ही गोष्ट २००९ सालची. आपल्याकडे बारा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण केलेला एक रुग्ण होता. गडी नियमित. दर महिन्याला औषधाचे पाकीट घेऊन जायचा, एकही खेप चुकवली नाही. बारावे पाकीट संपल्यावर नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'उपचार पूर्ण' अशी नोंद झाली आणि त्याची फाइल बंद होऊन कपाटात गेली. पूर्ण झालेल्या फाइली बंद करून वेगळ्या ठेवाव्यात, हा नियम माझाच होता. नोंदी स्वच्छ राहाव्यात, लेखापरीक्षणात अडचण येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

तीन महिन्यांनी तो गृहस्थ परत आला. अंगावरचे जुने, विरत चाललेले चट्टे लालभडक होऊन सुजले होते आणि कोपरापाशी दुखत होते. केसपेपरच्या खिडकीवर त्याला सांगण्यात आले की, तुमचा उपचार पूर्ण झालेला आहे, फाइल बंद आहे. नवीन केसपेपर काढा आणि त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागासाठी गुरुवारी या. त्या दिवशी सोमवार होता. दोन वेळचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करून तो घरी गेला, तो पुन्हा आला नाही. औषधांची उष्णता बाहेर पडते आहे, अशी त्याची कोणीतरी समजूत घातली. आठ महिन्यांनी पत्नी त्याला घेऊन आली, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आत वळलेली होती. विळ्याची मूठ त्याला धरता येत नव्हती. डॉक्टरांनी तपासले. जंतूंचा प्रादुर्भाव आटोक्यात आलेला होता, औषधाने आपले काम चोख केले होते. ते ऐकून ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, जंतू मेले म्हणता, मग ह्यांचा हात कुणी नेला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि तेथे मला प्रथम कळले की, आपली त्वचा हे केवळ शरीरावरचे आवरण नाही. ती एक जागती चौकी आहे.

त्वचेच्या अगदी वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या काही पेशी पसरलेल्या असतात. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या बर्लिनमधील वैद्यकीय विद्यार्थ्याने सोन्याच्या क्षाराने त्वचा रंगवून त्या प्रथम पाहिल्या. त्यांचा आकार पाहून त्या मज्जासंस्थेच्या पेशी असाव्यात असे त्याला वाटले. त्या वस्तुतः रोगप्रतिकारक पेशी आहेत, हे समजायला पुढे सुमारे शंभर वर्षे जावी लागली. आज त्या लँगरहान्स पेशी म्हणूनच ओळखल्या जातात. बाहेरून आलेल्या परक्या द्रव्याचा नमुना टिपायचा, तो घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत जायचे आणि तेथील टी पेशींना तो दाखवायचा, हे त्यांचे काम. त्यांच्या खालच्या थरात जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. टी पेशींनी शत्रू ओळखला की, त्या काही रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांनी भक्षक पेशी चेततात, रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी पेशी धावून येतात. ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, दुखते. यालाच वैद्यकात दाह म्हणतात. बोटात काटा मोडल्यावर आपण सर्वांनी तो अनुभवलेला असतो. दाह हा मूळचा शत्रू नव्हे. तो नसता तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता.

आता कुष्ठरोगाच्या जंतूकडे वळू. नॉर्वेतील बर्गेन येथे आर्मौर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो शोधला. हा जंतू अत्यंत मंदगती. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, म्हणून तो त्वचेत आणि त्वचेलगतच्या मज्जातंतूंमध्ये घर करतो. मज्जातंतूंवर अस्तरासारख्या असणाऱ्या श्वान पेशी हे त्याचे विशेष आवडते निवासस्थान. बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती त्याला थारा देत नाही, त्यामुळे हा रोग लागण होऊनही बहुतेकांना होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यात तो कोणते रूप घेईल हे जंतूपेक्षा त्या व्यक्तीच्या प्रतिकारक पेशींवर अधिक अवलंबून असते. पेशींचा प्रतिकार जोरदार असेल तर जंतू थोडे आणि चट्टेही मोजकेच. प्रतिकार क्षीण असेल तर जंतू अमाप वाढतात आणि त्वचेवर दूरवर पसरतात. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात आणि त्यांचे स्थान स्थिर नसते.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर या अस्थिरतेत दडलेले आहे. उपचार सुरू असताना किंवा संपल्यानंतरही कित्येकदा शरीराचा प्रतिकार एकाएकी जागा होतो. जंतू मेलेले असले तरी त्यांचे अवशेष त्वचेत आणि मज्जातंतूंत दीर्घकाळ रेंगाळत राहतात. टी पेशी ते अवशेष ओळखतात आणि जेथे जेथे ते असतील तेथे हल्ला चढवतात. डॉक्टर यालाच रिॲक्शन म्हणतात. त्वचेत हे घडले तर चट्टा सुजून लाल होतो आणि काही काळाने ओसरतो. परंतु मज्जातंतूभोवती घट्ट वेष्टन असते. आत सूज आली तर तिला पसरायला जागा नसते. तंतू दाबले जातात, त्यांचा रक्तपुरवठा मंदावतो आणि धावून आलेल्या पेशींनी सोडलेली द्रव्ये जंतूबरोबर मज्जातंतूचेही नुकसान करतात. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारा मज्जातंतू असा दुखावला की, करंगळी आणि अनामिका वळतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा दुखावला की पाऊल उचलत नाही. चेहऱ्यावरचा दुखावला की डोळा मिटत नाही.

२०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी झेब्रा माशाच्या पारदर्शक पिलांमध्ये ही प्रक्रिया प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली. जंतू गिळलेल्या भक्षक पेशी मज्जातंतूपाशी जमतात, त्यांच्यातून नायट्रिक ऑक्साइड हे द्रव्य निघते आणि त्याने मज्जातंतूची हानी होते, असे त्यांना आढळले. जंतू निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. पेशींना चिथावणी त्याचीच असते. पण हातापायांच्या नुकसानीचा फार मोठा वाटा आपल्याच रक्षकांच्या हातून घडतो. जंतूंच्या तावडीतून सुटलेला तो हात त्याच्याच शरीराच्या संरक्षण-यंत्रणेने नेला होता, आणि ते थांबवण्याची संधी आमच्या खिडकीवरून सोमवारी परत गेली होती.

रिॲक्शनचा आणखी एक प्रकार आहे. ज्यांच्या शरीरात जंतू पुष्कळ असतात अशा रुग्णांत तो आढळतो. ताप येतो, अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, सांधे दुखतात, डोळे लाल होतात. जंतूंचे अवशेष आणि त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये यांचे संयोग ऊतींमध्ये अडकून हा दाह भडकतो, असे मानले जाते. याच्या उपचाराचा इतिहास मोठा विलक्षण आहे. थॅलिडोमाइड हे औषध गर्भवती स्त्रियांनी घेतल्याने हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढून घेण्याची वेळ आली. १९६४ मध्ये जेरुसलेम येथे डॉ. जेकब शेस्किन यांनी अशा गाठींच्या वेदनांनी झोप हरपलेल्या एका रुग्णाला केवळ झोप लागावी म्हणून ते दिले, तर गाठीच ओसरू लागल्या. असे का झाले याचा एक धागा १९९१ मध्ये हाती लागला. दाह भडकवणारे टीएनएफ नावाचे एक संदेशद्रव्य असते, त्याची निर्मिती हे औषध रोखते. गर्भधारणेचा लवलेश संभव असेल तेथे हे औषध कदापि दिले जात नाही आणि तज्ज्ञांच्या कडक देखरेखीखालीच ते वापरले जाते. ही कथा सांगण्याचा हेतू एवढाच की, या रोगात जंतू मारणारे औषध वेगळे आणि पेशींचा क्षोभ शमवणारे औषध वेगळे. पहिले दिले म्हणजे दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही.

पहिल्या प्रकारच्या रिॲक्शनमध्ये प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मुख्यत्वे वापरतात. डॉक्टर ते ठरावीक मात्रेत सुरू करून कित्येक आठवडे हळूहळू उतरवत नेतात. त्या काळात रक्तदाब आणि साखर यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि औषध मध्येच आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. येथे वेळेला फार महत्त्व आहे. मज्जातंतूचा बिघाड नवा असताना, म्हणजे साधारणतः सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले, तर गेलेली संवेदना आणि शक्ती परत येण्याची चांगली शक्यता असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. आपला रुग्ण आठ महिन्यांनी आला होता. पुढे त्याच्या हातावर स्नायुबंध बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास ज्या शस्त्रक्रियेचा पाया घातला, त्याच परंपरेतली ही. बोटे पुष्कळशी सरळ झाली. विळा धरता येतो. संवेदना मात्र आली नाही. गरम भांडे हाताला कळत नाही, म्हणून घरातली मंडळी त्याच्या हातात चहाचा पेला देताना आधी स्वतः चाचपून पाहतात.

मित्रहो, महाराष्ट्राला या सेवेची थोर परंपरा आहे. मुंबईत १८९० मध्ये सुरू झालेले ॲकवर्थ रुग्णालय, १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी उभे केलेले कार्य, अमरावतीचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी स्थापन केलेली महारोगी सेवा समिती, ही नावे आपणांस मी नव्याने सांगायला नकोत. त्या पिढीने हाती आजच्यासारखी औषधे नसताना माणसाला माणूस म्हणून जवळ केले. आपल्या हाती औषधे आहेत. म्हणून आपली जबाबदारी हलकी झालेली नाही. आता ती चट्टा सुजल्यापासून बोट वळेपर्यंतच्या थोड्या महिन्यांवर येऊन ठेपली आहे.

त्या घटनेनंतर विश्वस्त मंडळाने माझ्या प्रस्तावावरून तो नियम रद्द केला. मंडळाने मला दोष दिला नाही. पण तो माझा होता, हे मी आज येथे नोंदवून ठेवतो. आता उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाची फाइल पाच वर्षे उघडी राहते. त्याला एक पिवळे कार्ड दिले जाते. ते दाखवल्यावर वार कोणताही असो, रांगेत उभे न राहता त्याच दिवशी मज्जातंतूंची तपासणी होते. ही तपासणी महागड्या यंत्राने होत नाही. रुग्ण डोळे मिटतो आणि फिजिओथेरपिस्ट तळहातावर, तळपायावर साध्या बॉलपेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करतात. जेथे स्पर्श झाला तेथे रुग्णाने बोट ठेवायचे. मग करंगळी बाहेर रेटून, अंगठा वर करून, पाऊल उचलून, डोळे घट्ट मिटून स्नायूंची ताकद पाहतात. ज्या पेनाने मी तीस वर्षे जमाखर्च लिहिला, त्याच पेनाने एखाद्याचा हात वाचवता येतो, हे मला फार उशिरा कळले.

रुग्णांच्या कुटुंबीयांना माझी कळकळीची विनंती आहे. औषध संपले म्हणून पाहणे थांबवू नका. जुना चट्टा पुन्हा लाल होऊन सुजला, कोपरापाशी किंवा गुडघ्यामागे दुखू लागले, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळू लागली, चालताना पायातली चप्पल निसटून गेली तरी कळले नाही, झोपेत डोळा अर्धवट उघडा राहू लागला, ताप येऊन अंगावर दुखऱ्या गाठी उठल्या, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी या. हा रोग उलटला असे समजू नका, औषधाची उष्णता म्हणून थांबू नका. आणि उपचार चालू असताना रिॲक्शन आली तर मूळ औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन्ही औषधे बरोबरीने चालतात. ज्यांची संवेदना गेलेली आहे त्यांनी रोज रात्री हातपाय पाण्यात भिजवून, तेल लावून नीट पाहावेत. बोटे रोगाने झडतात हा जुना समज चुकीचा आहे. न कळलेला चटका, न कळलेला खिळा आणि चिघळलेली जखम यांनी ती जातात, आणि ते टाळता येते.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आता पुन्हा माझ्या मूळ विषयावर, म्हणजे पैशावर येतो. बहुविध औषधोपचाराची औषधे रुग्णाला मोफत मिळतात. त्यासाठी आपल्यापुढे हात पसरण्याची गरज नाही. खर्च पुढचा आहे. पाच वर्षांच्या तपासण्या, फिजिओथेरपिस्टचे वेतन, दुर्गम गावातून येणाऱ्याचे एसटी भाडे, बुडालेल्या मजुरीची थोडीफार भरपाई, बधिर पायांसाठी मऊ रबराच्या एमसीआर चपला. यांपैकी एकाही गोष्टीवर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही, हे मी जाणतो. नव्या कक्षाचे उद्घाटन होते, फोटो निघतो. न वळलेल्या बोटाचा फोटो कसा काढणार? वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंदात काही देणी अशी असतात की, ती आज दिसत नाहीत, पण उद्या उभी राहू शकतात. शहाणा व्यापारी त्यांची तरतूद आधीच करून ठेवतो. बरा झालेला प्रत्येक रुग्ण हे आपल्या संस्थेचे असे देणे आहे.

म्हणून पाठपुरावा निधीसाठी आपण फूल ना फुलाची पाकळी द्यावी, ही नम्र प्रार्थना. आणि ज्यांना पैसा देणे शक्य नसेल त्यांनी एवढेच करावे. आपल्या गावात, शेजारात, कामाच्या ठिकाणी पिवळे कार्ड बाळगणारा कोणी असेल तर त्याला अधूनमधून विचारावे, "हात कसा आहे?"

ती बाई आजही नवऱ्याबरोबर तपासणीला येते. त्याची पाच वर्षे केव्हाच संपली, पण ती फाइल मी बंद होऊ दिलेली नाही. तिने विचारलेला प्रश्न दुसऱ्या कोणत्याही घरातून विचारला जाऊ नये, एवढ्यासाठी आपले सहकार्य मागतो.